बेवारस मिळकत

हौद्यात उतरण्यापूर्वी तांबडी माती कपाळी लावणाऱ्या आणि मेहनत आटोपल्यावर तीच माती फावड्याने मुकाट्याने सारखी करून ठेवणाऱ्या पहिलवानाला शिष्टाचारावर चार वाक्ये बोलता यायची नाहीत. आमच्या सोसायटीच्या व्यायामशाळेत मात्र त्या विषयावर अकरा कलमांचा जाहीरनामा टांगलेला असून, २० किलोंच्या रॉडवर तितक्याच वजनाच्या चार प्लेटा चढवून, १०० किलोंची ती मिळकत जागच्या जागी बेवारस सोडणारे एक सद्गृहस्थ आपला ओला टॉवेल त्याच जाहीरनाम्याच्या खिळ्यावर वाळत घालतात. (घाम बाकावरच राहतो, तो बहुधा सार्वजनिक मालमत्तेत जमा होत असावा.) परवा, २ किलोंचे डंबेल शोधून थकलेल्या एका आजींनी त्यांना अदबीने विचारले, "काय हो, उचलता येतं, मग परत ठेवता का येत नाही?"

ते आरशात दंड पाहत होते.