सोन्याचा केर आणि दुधीची सालं

कोलकात्यातल्या सियालदह स्टेशनातून बाहेर पडून बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीटने लालबाजारच्या दिशेला चालत गेलं की बहूबाजारची सोनारआळी लागते. 2019 मध्ये मेट्रोचा बोगदा खणताना घरं खचली, ती इथलीच. रस्त्यावर दागिन्यांची चकचकीत दुकानं आणि मागच्या गल्ल्यांत एकेका खोलीत मांडी घालून बसलेले कारागीर. काम संपलं की खोली झाडतात आणि केर जपून ठेवतात, कारण कानशीने घासताना उडालेले सोन्याचे कण त्यात असतात. हात धुतलेलं पाणीही ओतून देत नाहीत. बसायची चटई जुनी झाली तर जाळून तिची राख धुतात. हा केर विकत घेणारे असतात, आणि दुकानाबाहेरच्या गटारातला गाळ घमेल्यात घेऊन चाळणारेही असतात.

आपल्याकडे या माणसांना झारेकरी म्हणतात. पुढचं काम गलाईवाल्यांचं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या कोरडवाहू भागातून बाहेर पडलेली मराठी माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत भट्ट्या लावून सोनं शुद्ध करतात, कोलकात्यातही आहेत. तेजाबाचा धूर छातीत घेऊन करायचं काम आहे हे, आणि त्यातून गावाकडे घरं उभी राहिली, पोरं शिकली.

या कुणाला आजवर कुणी चिकट म्हटलेलं नाही. कण न्‌ कण वेचतो तो धंद्यात मुरलेला माणूस, असंच सगळे म्हणतात.

आता याच माणसाच्या घरी या. बायको दुधाच्या पिशवीत घोटभर पाणी घालून ती खंगाळते आणि ते पाणी चहाच्या भांड्यात ओतते. साबणाची संपत आलेली वडी नव्या वडीला चिकटवते. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने मधोमध कापते आणि आणखी चार दिवस काढते. डाळीखालचा गॅस आधीच बंद करून झाकणाखालच्या वाफेवर ती शिजू देते. औषधाच्या दुकानातून आलेल्या पिशव्या घडी घालून गादीखाली ठेवते. आणि पाहुणे आले की नवरा सगळ्यांदेखत म्हणतो, ‘‘हिचं काही विचारू नका, ही सालंसुद्धा टाकत नाही.’’ सगळे हसतात. तीही हसते. दुसऱ्या दिवसापासून कापलेली ट्यूब कपाटाच्या आतल्या कप्प्यात जाते.

माझं भांडण या हसण्याशी आहे. तोच हात, तीच नजर, तोच हिशेब. दुकानात पुरुषाने केला की हुशारी आणि ओट्यापाशी बाईने केला की चिंगूसपणा, हे कुठल्या तराजूत तोलून ठरवलं? सोन्याचा भाव मोठा आणि सालीचा लहान, असं कुणी म्हणेल. पण महिनाअखेर ज्या घरात दोनशे रुपये कमी पडतात, तिथे ते दोनशे रुपये याच सालींतून, याच पिशव्यांतून आलेले असतात. ते आले कुठून हे नवऱ्याला ठाऊकही नसतं.

बंगाली स्वयंपाकघरात तर सालींचं शास्त्रच आहे. दुधीची सालं काडीसारखी बारीक चिरायची, मोहरीच्या तेलात सुकी मिरची आणि कलौंजी तडतडली की त्यात परतायची, वरून खसखस. परवराची सालं हिरव्या मिरचीबरोबर पाट्यावर वाटायची आणि ओलावा जाईपर्यंत कढईत आटवायची. पहिल्या वाफेच्या भाताबरोबर ती वाटीभर चटणी पुरते. कच्च्या केळ्याच्या सालींचंही तसंच. माशाचं डोकं डाळीत जातं, काटे भाजीत जातात, आणि पोटातली चरबी, जिला ते माछेर तेल म्हणतात, तिची वेगळी चच्चडी होते. यातले सगळेच पदार्थ विधवांनी शोधले असं म्हणता येणार नाही. मासा तर त्यांना वर्ज्यच होता. पण ज्यांच्या ताटातून मासे, मांस, कांदा, लसूण आणि मसूरडाळसुद्धा काढून घेतली होती, त्या बायकांनी उरलेल्या भाजीपाल्याला चव आणली, हे बंगालच्या खाद्यसंस्कृतीबद्दल लिहिणारे अनेकजण मानतात. आज तोच निरामिष स्वयंपाक कोलकात्यातली बडी हॉटेलं परंपरा म्हणून वाढतात, आणि लोक टेबल राखून ठेवून खायला जातात. आपल्या दोडक्याच्या शिरांच्या चटणीचंही पुण्या-मुंबईत हेच होत आलंय. घरी आई करायची तेव्हा मुलं डब्यात न्यायला लाजायची.

सियालदहच्या परिसरात मला आवडतं ते हे की तिथे मोजायला कुणी लाजत नाही. फुटपाथवर लाल भोपळ्याची एक फाक मिळते. माशाचे दोनच तुकडे मागितले तरी मासेवाला नाक मुरडत नाही. आणि पाइस हॉटेलं! रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हाचं, म्हणजे 1957 च्या आधीचं हे नाव. मेसमध्ये राहणारे कारकून आणि विद्यार्थी यांची ही जेवणाची ठिकाणं. सियालदहपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कॉलेज स्ट्रीटजवळच्या भवानी दत्त लेनमध्ये ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ आहे, ते त्यातलं नावाजलेलं. पाइस हॉटेलची रीत अशी की ज्याचं त्याचं मोल वेगळं. भात वेगळा, डाळ वेगळी, मासा वेगळा. लिंबाच्या फोडीचे पैसे वेगळे, केळीच्या पानाचेही वेगळे. वाढपी काय काय आहे ते तोंडाने घडाघडा सांगतो आणि जेवण झालं की तुम्ही काय खाल्लंत ते गल्ल्याकडे ओरडून सांगतो. शेजारच्याने तीन भाज्या घेतल्या आणि तुम्ही नुसता डाळभात, हे सगळ्या खोलीला ऐकू जातं. कुणी मान वर करून बघत नाही. लिंबू नको असेल तर घ्यायचं नाही, पैसे वाचले. आपल्या लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढलेली आणि ताटात तशीच राहिलेली जिलबी बादलीत जाते, तिथे मात्र मोजणं अपमानाचं!

भाताची पेज आठवते. बंगालीत फ्यान. भात वेळून काढला की उरणारं हे पांढरं पाणी बहुतेक घरांत मोरीत जायचं. 1943 च्या दुष्काळात खेड्यांतून कोलकात्यात आलेली माणसं दारोदार भात मागत नव्हती. भात कुणी देणार नाही हे त्यांना कळलं होतं. ती ‘फ्यान दाओ’ म्हणून हाका मारत होती. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली असं अभ्यासक मानतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं याच सियालदहच्या फलाटांवर दिवसच्या दिवस पडून होती. तिथेच चूल, तिथेच बाळंतपण. अशा शहरात एखादी म्हातारी आजही पेज बाजूला काढते, सुती साडीला तिचीच खळ घालते आणि उरलेली कुंडीत ओतते. तिला हसण्याआधी तिच्या घराने काय पाहिलंय ते विचारावं.

सगळीच काटकसर मी डोक्यावर घेणार नाही. सियालदहच्या दक्षिण विभागात पहाटेच्या कॅनिंग लोकल आणि लक्ष्मीकांतपूर लोकल बघाव्यात. धुणी-भांडी आणि स्वयंपाकाची कामं करायला निघालेल्या बायकांनी त्या भरलेल्या असतात. अंधारात उठून, स्वतःच्या घरचं उरकून त्या ढाकुरिया, बालीगंजला उतरतात आणि परक्या घरांत भांड्यांना हात घालतात. या बाईने वर्षाने शंभर रुपये वाढवून मागितले की जी मालकीण महिनाभर टोलवते, परवाची आमटी ‘खाशील का’ म्हणून तिच्या पुढ्यात ठेवते आणि खाडा झाला की पैसे कापते, ती बचत करत नाही. ती दुसऱ्याच्या घासातलं काढून घेते. साबणाच्या वड्या चिकटवा, खुशाल चिकटवा, पण तिची पगारवाढ त्या यादीत नको. आणि घरातली बाई स्वतः शेवटी बसून खरवड खाते, तेही नको. ट्यूब कापायची तर सगळ्यांच्या ब्रशसाठी कापायची, आणि शिळी पोळी कुस्करायची तर ती सगळ्यांच्या बशीत.

म्हणून पुरुषांना माझं सांगणं आहे. पाहुण्यांसमोर विनोद करायचा बंद करा आणि ओट्यापाशी उभे राहा. या रविवारी दुधी आणा, कोवळा, नखाने साल टोचली जाईल असा. धुऊन मगच सोला, जरा जाडसर सोला, आणि सालं चिरताना घाई करू नका; जाड राहिली तर दाताखाली चिवट लागतात. आधी एक तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर दुधी सालीसकट टाकून द्या, तिथे काटकसर नको. तेल बेताचं, आच मंद, मीठ अगदी शेवटी, कारण सालं आळून मूठभर होतात. मोहरीचं तेल सोसत नसेल तर शेंगदाण्याचं चालेल, कलौंजी नसली तर तीळ घाला. पाहुणे असतील तर त्यांनाही वाढा, आणि कशाचं आहे असं त्यांनी विचारलं की सांगा, सालींचं आहे, हिने शिकवलं.