माणसं मोजा, मग औषध द्या

अमेरिकेत दुखण्यावर मेथाडोन हवं असेल, तर डॉक्टरची चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानात घ्या. तेच मेथाडोन ओपिऑइडचं, म्हणजे अफूसारख्या औषधांचं, व्यसन सुटावं म्हणून हवं असेल, तर परवानाधारक केंद्र गाठा. तिथे जबाबदार प्रायोजक हवा, वैद्यकीय संचालक हवा, समुपदेशक हवेत. एका समुपदेशकामागे रुग्ण किती, हेही काही राज्यं मोजून देतात. समुपदेशक नोकरी सोडून गेला की गणित चुकतं. व्यसन बिचारं थांबतच असेल!

याच व्यसनावरचं दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन, त्याची तऱ्हा न्यारी. २००० च्या कायद्याने ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला खास परवानगी व ८ तासांच्या प्रशिक्षणाची अट आणि सुरुवातीला ३० रुग्णांची मर्यादा घातली. ती खास परवानगीची अट २०२२ च्या डिसेंबरात गेली. तोवर ऑक्सिकोडोनसारखं दुखण्यावरचं ओपिऑइड लिहिणाऱ्याचे रुग्ण मात्र कुणी मोजत नव्हतं.