अगं बाई, शेवाळ!

आता एवढंच बाकी होतं! टाकीत दिसलं की आपण नाक मुरडून घासून काढतो, त्या शेवाळाची समुद्रातली भावंडं लोक पैसे मोजून गिळताहेत. आणि पैसे तरी किती? लॉस एंजेलिसच्या एरवॉन नावाच्या दुकानात 2022 साली मॉडेल हेली बीबरबाईंच्या नावानं स्ट्रॉबेरीची स्मूदी निघाली. त्यात ‘सी मॉस’चं जेल, किंमत 17 डॉलर. तेराशे रुपयांच्या वर, एका पेल्याला! लोकांनी नावं ठेवली असतील? छे! फोटो काढले.

तेव्हापासून घरोघरी बरण्या. वाळकं सी मॉस रात्रभर भिजवायचं, वाळू जाईस्तोवर धुवायचं, मिक्सरला फिरवायचं. सकाळी एक चमचा तोंडात, दुसरा तोंडावर. पोट साफ, कांती तुकतुकीत, केस घनदाट, मन प्रसन्न. जावयाचा स्वभाव तेवढा सुधारायचा राहिलाय.

आणि मंत्र ठरलेला: शरीरात 102 खनिजं, त्यातली 92 सी मॉसमध्ये! हे गणित डॉ. सेबी नावानं गाजलेल्या, पण वैद्यकीय पदवी नसलेल्या गृहस्थांच्या नावावर खपतं. अहो, निसर्गातली मूलद्रव्यंच मुळी 92च्या आसपास, फुग्यातला हीलियम नि अणुभट्टीतलं युरेनियम धरून! मग त्या 92त शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक हेही आलेच ना? विषाची यादी कुणी अशी छाती फुगवून वाचतं का?

गंमत म्हणजे बढाई अगदीच पोकळ नाही. समुद्री शेवाळाला अन्न शोषणारी मुळं नसतात, ते अंगभर पाणी शोषतं. त्या पाण्यात मॅग्नेशियम असेल तर मॅग्नेशियम, बंदरातलं शिसं असेल तर शिसं. आवडनिवड नाहीच.

जपानी शेवाळ हिजिकीचं बघा. काळीभोर, शेवयांसारखी दिसणारी, आणि असेंद्रिय आर्सेनिकनं भरलेली. म्हणजे आर्सेनिकचा घातक प्रकार. ‘खाऊ नका’ असं ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं 2004 सालीच सांगून टाकलं. कोंबू या दुसऱ्या शेवाळाची तऱ्हा निराळी. माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि एक ग्रॅम वाळक्या कोंबूत दीड हजारही सापडतं. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या एका सोया दुधात कुणीतरी कोंबू घातला, पिणाऱ्यांचे थायरॉईड बिघडले. 2009 साली माल परत मागवावा लागला, 2014मध्ये अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर खटला मिटला. घ्या, आरोग्य!

आपण मात्र नामानिराळे, नाही का? मी नाही त्यातली, कडी लाव आतली! लहानपणापासून ज्या चायना ग्रासचं पुडिंग वाटीवाटीनं चापलं, ते कशाचं होतं? समुद्री शेवाळाचंच. आणि कोरियन मालिका बघताना कुरुमकुरुम वाजतं ते काय, पोह्याचा पापड? कोरियाची गिमची, म्हणजे त्याच शेवाळी पापडांची, निर्यात 2023 साली एक लाख कोटी वॉनच्या वर गेली. त्यातली किती पाकिटं आपल्या सोफ्याखाली सापडतील, हे न विचारलेलंच बरं.

तर गिम नि तिची जपानी बहीण नोरी खुशाल कुरतडा, त्यात आयोडीन कोंबूच्या मानानं फारच कमी. कोंबू बेतानं. हिजिकी दुकानातच राहू द्या. आणि थायरॉईडची गोळी चालू असेल, तर सी मॉसच्या त्या बरणीत चमचा घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. पदवीवाल्या.