जगात जर्मनी, दुकानात परभणी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छातीठोक सांगतो. फक्त रोटाव्हेटर नांदेडहून आणू नये. आणला की तुमचं परभणीपण रद्द. मी आणला, आठ हजार वाचले म्हणून. ऐन मृगाच्या तोंडावर गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. ऑइल सील गेलं होतं. बांगडीएवढं रबर.

मानवतचा दुकानदार ओळखीचा. कोटेशन घ्यायला गेलो तेव्हा त्यानं दोनदा चहा पाजलेला. या वेळी यंत्राचं काही विचारण्याआधी बिल मागितलं. "नांदेडचं दिसतंय, काका." चेहरा ठरलेली सोयरीक मोडल्यासारखा. सील त्याच्या मागच्या खिळ्यावर लटकत होतं.

"ते बुक आहे."

"मिस्त्री?"

"जिंतूरला गेलाय."

मिस्त्री माझ्या शेजारीच तंबाखू मळत बसला होता.

नांदेडला फोन लावला. "आणा की इकडं, फुकट करून देऊ!" चार क्विंटलचं धूड टेम्पोत घालून नेलं असतं तर वाचवलेले आठ हजार वाटेतच उतरले असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे ठाऊक आहे. पण नोटीस जाईपर्यंत पाऊस थांबतो होय? आपल्याकडं 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, पण न रुसणाऱ्या दुकानदाराचं वाण काही अजून निघालेलं नाही.

शेवटी भाच्याला पाठवलं. "बिल हरवलं, पण पुढच्या महिन्यात ट्रॅक्टर घ्यायचाय," एवढंच बोलला तो. सील मिळालं, वर चहा. मिस्त्री जिंतूरहून दोन मिनिटांत परतला.