ठाणे अंमलदार

आमच्या इमारतीत रात्री साडेअकराला सायरन वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी चष्मा न लावताच गॅलरीत धावलो आणि वडाळे तळ्याच्या बाजूने कोणी पळत येतंय का ते पाहू लागलो. कोणी येत नव्हतं. खाली वॉचमन खुर्चीत रोजच्याइतकाच जागा होता. "काही नाही काका," तो म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावरचे साहेब ड्यूटीवर चढले."

साहेबांचं वय सव्वीस. दिवसा ते उरणच्या रस्त्यावर एका कंटेनर यार्डात बिलं आणि चलनं जुळवतात. रात्री लॉस सँटॉस नावाच्या शहराचं रक्षण करतात. हे शहर अस्तित्वात नाही, एवढं सोडलं तर त्यांच्या नोकरीत खोट काढण्यासारखं काही नाही. गणवेश म्हणजे बनियन आणि बर्म्युडा. कानांवरचा हेडफोन उतरवला की केसांत एक आडवी खाच दिसते, हवालदाराच्या डोक्याला टोपीने पडते तशी. पोलिसी खूण म्हणावी तर ती तेवढीच.

असा एकेक साहेब हल्ली गल्लोगल्ली निघतो. खांदा कॉलनीत एक आहे, कामोठ्यात दोन आहेत, आणि त्या दोघांचं आपसात हद्दीवरून भांडण आहे. तेव्हा आमच्या साहेबांबद्दल जे सांगतो आहे ते कुणी आपल्या भाच्यावर घेतलं, तर माझा इलाज नाही.

खऱ्या पोलिसात जायचा प्रयत्न त्यांनी केला होता. भरतीला पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर लागते, ती होती. छाती ७९ लागते, ती काठावर होती. पण श्वास भरल्यावर ती पाच सेंटिमीटरने फुगावी लागते, आणि साहेबांची साडेचारावर अडली. "अर्ध्या सेंटिमीटरने महाराष्ट्र एका पोलिसाला मुकला," असं त्यांची आई अजून सांगते. त्यानंतरची सहा वर्षं खुर्चीत बसून जे फुगलं, ते भरतीवाले मोजत नाहीत.

आता लॉस सँटॉस ज्या खेळात आहे त्याविषयी. माझा मुलगा शाळेत होता तेव्हा पनवेलातली पोरं सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून 'व्हाइस सिटी' खेळायची. गाड्या चोरायच्या, माणसं उडवायची, आणि पोलीस मागे लागले की कीबोर्डवर 'लीव्हमीअलोन' अशी सलग अक्षरं बडवायची. लगेच पोलीस नाद सोडायचे. मुलाचं इंग्रजी बेताचं होतं, पण हे स्पेलिंग त्याने कधी चुकवलं नाही. त्याच घराण्यातला 'जीटीए फाइव्ह' २०१३च्या सप्टेंबरात आला, आणि कॉम्प्युटरवर १४ एप्रिल २०१५ला. त्यातही धंदा तोच, फक्त दरोडे मोठे. मग काही हौशी मंडळींनी त्याच वर्षी त्याला एक फुकटची जोड दिली. तिचं नाव 'एलएसपीडीएफआर'. असल्या जोडीला मॉड म्हणतात. ही जोड टाकली की त्याच शहरात, त्याच रस्त्यांवर तुम्ही दरोडेखोराऐवजी पोलीस होता. जग सगळं चोरांच्या सोयीने बांधलेलं, आणि त्यात हे स्वखुशीने नाकाबंदीला उभे. तमाशाच्या फडात शिरून हरिपाठ लावावा, तसला प्रकार.

मी एकदा स्टूल टाकून त्यांच्या मागे बसलो. वाटलं, गोळीबार बघायला मिळेल. साहेब आधी ठाण्यात जाऊन ड्यूटीवर हजर झाले; तसं केल्याशिवाय खेळच सुरू होत नाही. मग एका पुलाखाली त्यांनी बोलेरो लावली आणि आम्ही दोघं चाळीस मिनिटं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसलो. हेच मी ठाणा नाक्यावर फुकटात करतो. शेवटी एका बाईची गाडी आली, तिचा मागचा दिवा बंद होता. साहेबांनी मागे जाऊन 'शिफ्ट' दाबून धरलं. गाडी निमूट कडेला लागली. लायसन्स पाहिलं, समज दिली, सोडलं.

"पावती फाडली नाहीत?" मी विचारलं.

"पहिलीच वेळ होती काका तिची."

बाई कॉम्प्युटरने दोन मिनिटांपूर्वी जन्माला घातली होती. तिची सगळ्याच गोष्टींची पहिली वेळ होती.

त्यानंतर एक चोर पळाला आणि पाठलाग झाला, नाही असं नाही. त्या शहरात विजेचा खांब धक्का लागताच लोळण घेतो, झाड मात्र तसूभर हलत नाही. चोर खांबावरून गेला, साहेब झाडावर. पण पाठलागात त्यांना फारसा रस दिसला नाही. बोलेरोला आलेला पोचा ते फार वेळ बघत होते.

ती बोलेरो हासुद्धा मॉडच. अमेरिकन पोलिसांची गाडी काढून तिच्या जागी बसवलेली. लॉस सँटॉसमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या अंगाने चालते, म्हणजे आपल्या हिशेबाने अख्खं शहर राँग साइडने जातं. पनवेलकराला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. मला खटकलं ते दारावरचं ब्रीदवाक्य. तिथे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असायला हवं होतं. पण ज्याने ते रंगवलं त्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नव्हती. 'नि'ची वेलांटी 'न'ला सोडून शेजारच्या 'ग'ला बिलगली होती. 'ग्र'चा पाय मोडून बाजूला पडला होता. 'सद्रक्षणाय'ला दोन-तीन ठिकाणी नुसतं खरचटलं होतं. दुष्टांच्या निग्रहाची मात्र हाडंच मोडली होती. मी वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, साहेबांनी रात्र जागून दार पुन्हा रंगवलं. 'पोलिस'चं 'पोलीस' मी जाता जाता करून घेतलं. वर 'नवी मुंबई' आलं. हे आयुक्तालय १९९४चं, पनवेल आज त्याच्याच हद्दीत. ती हद्द फक्त पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत वाढली. तेव्हापासून मी या खात्याचा मानद मुद्रितशोधक आहे.

आणि खात्यात शिरल्यावर मला कळलं, की साहेबांची खरी ड्यूटी गस्तीची नाहीच. ती टेबलाची आहे.

मॉड म्हणजे दुसऱ्याच्या घरावर त्याला न विचारता चढवलेला मजला. वर पोलीस ठाणं, त्यावर बोलेरो, त्यावर सायरन, त्यावर पोरांची हौस. खाली जरा काही हललं की सगळं बसतं. बसलं की पोरं साहेबांना गाठतात. नांदेडहून, इचलकरंजीहून, बेळगावहून. एक मराठी पोरगा मस्कतहून. साहेबांना या कामावर कोणी नेमलेलं नाही, पगार नाही, भत्ता नाही. तरी अकरा ते दोन ते खुर्चीवर असतात.

"दादा, गेम उघडत नाही."

"लॉग पाठव."

लॉग म्हणजे या धंद्यातली स्टेशन डायरी. 'रेज प्लगइन हुक' नावाचा कारकून खेळ उघडताना ओळीने लिहीत जातो: अमुक आलं, तमुक आलं, इथे पडलो. ही फाइल पाठवायची असते. पोरगा फाइल पाठवत नाही. तो मोबाइलने पडद्याचा फोटो काढतो. फोटोत ट्यूबलाइट असते, अंगठा असतो, दोरीवरचा टॉवेल असतो, मागून आईने विचारलेलं 'जेवायला येतोस का' तेवढं राहिलेलं असतं. चुकीची ओळ सोडून सगळं. अशा फोटोंवरून साहेबांनी निम्मा महाराष्ट्र आतून पाहिला आहे.

"शेवटचं काय टाकलंस?"

"काहीच नाही टाकलं."

इथे माझे कान टवकारतात. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. 'मी काहीच केलं नाही' हे वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे, आणि एका बाजूने म्हटलंही आहे. साहेब आवाज चढवत नाहीत. "बरं. कालपर्यंत चालत होता?" "हो." "मग काल काय झालं?" "काही नाही. झोपलो." "झोपायच्या आधी?" पाऊण तासाने पलीकडून बारीक आवाज येतो, "एक लॅम्बोर्गिनी टाकली होती. पण छोटीच."

नवी गाडी आणली की एका यादीत तिचं नाव चढवावं लागतं. त्या ओळीच्या शेवटी एक तिरपी रेघ असते. ती राहिली होती. एका तिरप्या रेघेपायी अख्खं शहर, त्यातले सगळे चोर, पोलीस, विजेचे खांब बंद! मला इतकं भरून आलं की काय सांगू. आमच्या कचेरीत एका स्वल्पविरामावरून प्रकरणं परत गेली आहेत, पण त्यामुळे शहर कधी थांबलं नाही; उलट आम्ही प्रकरण परत केलं तरी ते तसंच चालू राहायचं. माझ्या आयुष्यभराच्या कामाला हे वजन कधी आलं नव्हतं.

साहेबांची कार्यपद्धतीही ओळखीची निघाली. पहिला प्रश्न: कुठली आवृत्ती? कारण मार्च २०२५मध्ये कॉम्प्युटरसाठी या खेळाची नवी 'एन्हान्स्ड' आवृत्ती निघाली आणि जुनी 'लेगसी' ठरली. जुन्यावर चढवलेले मजले नव्यावर बसत नाहीत. (जुना सातबारा घेऊन नव्या खिडकीवर उभं राहिलेला माणूस मला ओळखता येतो, तसा साहेबांना हा.) दुसरा प्रश्न: बॅटलआय बंद केलंस का? हा कंपनीने सप्टेंबर २०२४मध्ये दाराशी बसवलेला रखवालदार. ऑनलाइन लबाडी रोखायला ठेवला, पण तो आमच्या सज्जन पोलिसांनाही आत सोडत नाही. तिसरा: गेमची मूळ प्रत वेगळी काढून ठेवली आहेस का? याचं उत्तर मी आजवर एकदाही 'हो' ऐकलेलं नाही.

सगळ्यात वाईट दिवस अपडेटचा. खालच्या मजल्याचा मालक स्वतःच्या घरात दोन खिळे ठोकतो आणि वरची सगळी वस्ती कोसळते. मग नव्या आवृत्तीशी जुळणारा हुक कोणीतरी दूरदेशी सवडीने बनवेपर्यंत थांबायचं. २०१७च्या जूनमध्ये तर मालक कंपनी टेक-टूने 'ओपनआयव्ही' या मॉडवाल्यांच्या मुख्य हत्यारालाच कायदेशीर नोटीस धाडली होती. खेळणाऱ्यांनी जगभर इतका गिल्ला केला, की महिना संपायच्या आत ते पुन्हा सुरू झालं. साहेब तेव्हा बारावीत होते. ते दिवस ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं हे शिरढोणच्या वासुदेव बळवंतांबरोबर डोंगरात होते.

या सगळ्याचा इमारतीला काही उपयोग? एकदा तळमजल्यावरून सायकल चोरीला गेली. सेक्रेटरी थेट साहेबांकडे आले, इमारतीतला पोलीस जवळचा म्हणून. साहेबांनी सीसीटीव्हीचा डबा उघडला. त्यात १ जानेवारी २००० ही तारीख चालू होती. दीड तास खपून त्यांनी घड्याळ लावलं, वायर बदलली, वापरायच्या सूचना टंकून भिंतीवर डकवल्या. सायकल मिळाली नाही. पण चोर पुन्हा आला तर वेळेची नोंद बिनचूक होईल.

मला त्यांच्याशी एकदाच भांडावंसं वाटलं. लातूरकडचा एक नववीतला पोरगा होता. बोलायला गोड, आणि विशेष म्हणजे त्याने खरोखरच लॉग पाठवला होता. साहेब वाचत गेले आणि गप्प झाले.

"हा गेम विकत घेतलेला नाही."

"मित्राने पेनड्राइव्हमधून दिला, दादा."

"मग मित्राकडे तक्रार कर." हेडफोन खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "चोरीचा माल घेऊन पोलीस व्हायला आलाय, काका."

मी रदबदली केली. पोरगा लहान आहे, बापाची परिस्थिती काय असेल, सांगा काय ते आणि मिटवा. ज्या आवाजात मी हे म्हणालो तो आवाज माझ्या टेबलापुढे फार लोकांनी लावला होता, आणि कधीकधी मी मिटवलंही होतं. साहेब म्हणाले, "सेल लागतो तेव्हा निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. दिवाळीपर्यंत थांबेल." पोराला त्यांनी सेल कधी बघायचा ते समजावलं, आणि फोन ठेवला. त्या रात्री मी खाली आलो ते न बोलता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी वर गेलो असताना तोच आवाज आला. "दादा, घेतला. आजोबांनी पैसे दिले. पावती पाठवलीये."

पावती म्हणजे पडद्याचा फोटो. ट्यूबलाइट, अंगठा, कोपऱ्यात आकाशकंदिलाची झिरमिळी. साहेबांनी तो मोठा करून नाव पाहिलं, रक्कम पाहिली, तारीख पाहिली.

"ठीक आहे. अडचण काय?"

"उघडत नाही."

"लॉग पाठव," साहेब म्हणाले.