वेळ बदलून देणाऱ्या मॅडम

औषध डॉक्टर देतात, पण डॉक्टरांची वेळ मॅडम देतात. पूर्वी दवाखान्यातल्या या खुर्चीवर कंपाउंडर बसायचा आणि नंबर लावायचा. आता तिथे हेडफोन लावलेल्या मॅडम असतात. समोर लॅपटॉप, शेजारी दोन मोबाइल आणि ऑनलाइन तपासणीचं वेळापत्रक. ते सकाळी आखलं जातं आणि दुपारपर्यंत ओळखू येत नाही.

२५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. व्हिडिओ, फोन, चॅट, सगळ्याला परवानगी मिळाली. डॉक्टरांनी काय करावं ते त्यांत आहे. एकाच आजोबांची वेळ चौथ्यांदा बदलताना आवाज गोड कसा ठेवावा, ते मॅडमनी स्वतः शोधून काढलं.

त्यांचा भरवसा लॅपटॉपपेक्षा भिंतीवरच्या कालनिर्णयावर जास्त. संकष्टीला रात्री नऊची वेळ बायकांना द्यायची नाही, कारण चंद्रोदय. गुरुवारी दुपारची पेठांतल्या लोकांना द्यायची नाही, कारण पुण्यात गुरुवार हा वीज जायचा वार. पहिली तपासणी अमावास्येला कुणालाच नको असते. एका आजींना तर न्यू जर्सीचा मुलगा कॉलवर हवाच असतो. त्याची घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात, हे आजींच्या आधी मॅडमना ठाऊक.

"मॅडम, पाचची वेळ सहाला करा ना."

"सहाला जागा नाही हो, काका."

"मला कुठे तिथे येऊन बसायचंय? मी घरीच आहे!"

यावर मॅडम हसत नाहीत. सहाचे काका सातला, सातच्या काकू उद्यावर, अशी त्या सगळी उतरंड हलवतात. मग ऐनवेळी डॉक्टरच ऑपरेशनमध्ये अडकतात. तेव्हा तीनदा वेळ बदललेले काकाच सगळ्यात आधी कडाडतात, "आमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" मॅडम म्हणतात, "आहे ना काका, म्हणून तर जपून ठेवलीये. पावणेआठ चालेल?"

निदानात मात्र मॅडमचा हात डॉक्टरही धरणार नाहीत. दाढी केली नाही म्हणून व्हिडिओ पुढे ढकलणारा माणूस ठणठणीत आहे, हे त्या फोनवरच ओळखतात. पण कुणी सहज म्हणालं, "छातीत जरा दाबल्यासारखं होतंय, तरी उद्याची वेळ चालेल," की गोडवा संपतो. "उद्या नाही आणि ऑनलाइनही नाही. १०८ ला फोन लावा, आत्ता!" एवढी एकच वेळ त्या कुणालाही बदलू देत नाहीत.

बाकी वेळा खुशाल बदला, फक्त आदल्या दिवशी कळवा. तुम्ही सोडलेल्या वेळेसाठी तापाने फणफणलेलं कुणीतरी वाट बघत असतं, आणि त्याला तो फोन मॅडमनाच करायचा असतो.