घसाऱ्यावरचा हिवाळा

माझा भाचा डेन्व्हरला असतो आणि दर हिवाळ्यात घसरतो. पैसे भरून घसरतो. कोलोरॅडोतल्या डोंगरावर पाळण्यात बसवून वर नेतात, पायांना दोन लांब फळ्या अडकवतात आणि मग माणूस स्वतःच्या जबाबदारीवर खाली येतो. पुढे त्याला त्याचाही कंटाळा आला. आता तो आणि त्याचे मित्र जिथे पाळणाच नाही अशा डोंगरांवर जातात. फळ्यांच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून तासन्‌तास चढतात, माथ्यावर पट्टे सोलून काढतात आणि चढायला लागलेल्या वेळेच्या पासंगालाही न पुरणाऱ्या वेळात खाली. बर्फाचा लोंढा अंगावर आला तर गाडलेला माणूस सापडावा म्हणून छातीवर संदेश पाठवणारं यंत्र आणि पाठीवर फावडं. आईला तो यातलं फावडं तेवढं सांगतो. ताईची समजूत आहे की लेकाला बागकामाचा नाद लागलाय.

डिसेंबरात तो मंचरला आला आणि म्हणाला, ''मामा, आपण सगळे औलीला जाऊ. स्कीइंग शिकवतो तुम्हाला.'' औली उत्तराखंडात. मेव्हण्याने माणशी खर्च काढला आणि गप्प बसला. ताईने गुडघे पुढे केले. बायको म्हणाली, ''अहो, बर्फच बघायचाय ना? मग आधी आपला फ्रीज साफ करा.''

इथे माझ्यातला भूगोलाचा मास्तर जागा झाला. घसरायला बर्फ लागतो कशाला? आमच्या पश्चिमेला अख्खा सह्याद्री उभा आहे. दिवसा तापणारा, रात्री गारठणारा बेसॉल्ट कसा फुटतो आणि त्याचा मुरूम उतारावर कसा साठतो, हे मी सातवी-आठवीला फळ्यावर आकृती काढून शिकवतो. ट्रेकवाले याला घसारा म्हणतात. त्यावर दिवाळीनंतर वाळलेलं गवत झोपलं, की पाय ठेवायचा अवकाश. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असे उतार पोटभर आहेत, आणि तिकीट नाही. ''या हिवाळ्यात मी तुम्हाला घसरवतो,'' असं मी जाहीर केलं. घरात कुणालाही या वाक्यात नवीन काही वाटलं नाही.

सुरुवात सोप्यापासून करायची, असं भाच्याच्या देशातलं शास्त्र सांगतं. आमच्याकडे सोपं म्हणजे शिवनेरी. गाडी पायऱ्यांपर्यंत जाते, सात दरवाजे ओळीने लागतात, कठडे आहेत, झाडं आहेत, ताकवाल्या मावशी आहेत. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा आहे. ही माहिती मी परवानगी दरवाज्यात थांबून दिली. हत्ती दरवाज्यात थांबून पुन्हा दिली. शिवाई देवीपर्यंत पोचेस्तोवर माझ्याकडची माहिती संपली होती आणि दम लागण्याला दुसरं कारण उरलं नव्हतं. गडावर साखळीच्या वाटेनेही येता येतं असं भाच्याने कुठूनसं शोधून काढलं. मी ती वाट ऐकलीच नाही.

लेण्याद्रीला तर खरोखर पाळण्याची सोय आहे. गिरिजात्मजाच्या पायऱ्या ज्यांना झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. ताईसाठी डोली ठरवायला मी पुढे झालो. डोलीवाल्यांनी मला खालून वर न्याहाळलं, आपसात काहीतरी बोलले आणि दर वाढवून सांगितला. पेशंट मागे उभा आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

मग मुक्काम. एका शेतातल्या तंबूत उतरलो. शेकोटी होती, हुरडा होता, मासवडी आणि रस्सा असा होता की ताईने गुडघ्यांचा विषय रात्रभर काढला नाही. पण जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात रात्र ही बिबट्याची असते. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथले आत आहेत. बाहेरचे बाहेर आहेत. वनखातं वर्षानुवर्षं सांगतंय की रात्री एकटं फिरू नका, फिरावंच लागलं तर बॅटरी घ्या, काठी घ्या, मोबाईलवर गाणी लावा. पहाटे मला फिरावंच लागलं. बॅटरी घेतली, काठी घेतली आणि हाताला लागेल ते गाणं पूर्ण आवाजात लावलं. ते गाणं नव्हतं, गणपतीत डाउनलोड केलेली आरती होती. शेजारच्या तंबूतल्या पुणेकर आजी उठून बाहेर आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं. संडासाचं दार लावून घेताना मला जे वाटलं ते सांगत नाही. आरती पूर्ण झाल्याशिवाय मी बाहेर आलो नाही, एवढं मात्र नोंदवतो.

आता जीवधन.

घाटघर हे पायथ्याचं गाव. गड सुमारे 3,750 फूट उंच, नाणेघाटाचा राखणदार. आदल्या संध्याकाळी आम्ही नाणेघाट पाहून घेतला होता. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहिला. गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे. यज्ञांत किती गायी, किती कार्षापण दान दिले त्याचे आकडे ब्राह्मीत कोरलेले आहेत, दोन हजार वर्षं झाली तरी. मी मेव्हण्याला म्हटलं, ''बघा, हिशोब असा ठेवावा.'' शिवनेरीच्या पेट्रोलचे पैसे त्याने अजून दिलेले नव्हते. तो म्हणाला, ''राणी दिलेलं लिहिते, येणं नाही लिहीत.''

सकाळी निघताना घाटघरच्या एका पोराने विचारलं, ''वाटाड्या पाहिजे का?'' मी भूगोलाचा मास्तर. माझ्याकडे नकाशा होता. भाच्याकडे घड्याळात उपग्रह होता. आम्ही मान हलवून पुढे गेलो. अर्ध्या तासात नकाशा, उपग्रह आणि आम्ही तिघंही कारवीच्या रानात उभे होतो. ते पोरगं मागून शांतपणे येत होतं. ''तिढून न्हाई, इढून,'' एवढंच म्हणालं आणि पुढे झालं. पैशाचं त्याने पुढे नावही काढलं नाही. मीच खाली आल्यावर दिले, तेही भाच्याने डोळे वटारल्यावर.

चढताना काही बिघडत नाही हो. चढताना डोंगर नाकासमोर असतो, खालचं काही दिसत नाही. कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात आणि मध्येच संपतात, कारण 1818 साली इंग्रजांनी त्या सुरुंग लावून उडवल्या. गड पुन्हा कुणी लढवू नये म्हणून. इंग्रजी राजवटीने भारताचं नेमकं काय नुकसान केलं, यावर मी वर्गात बरंच बोललोय. त्या तुटक्या जागी एक पाय खोबणीत आणि दुसरा हवेत असताना तो विषय मला पहिल्यांदा नीट समजला. वरून भाचा ओढत होता, खालून मेव्हणा ढकलत होता, आणि बायको मोबाईल धरून होती.

गडावर धान्याची कोठी पाहिली. त्याच साली लागलेल्या आगीची राख अजून आत आहे असं सांगतात. पश्चिम टोकावरून कोकण पाहिलं आणि शेजारी एकटाच उभा असलेला वानरलिंगीचा सुळका पाहिला, सुमारे 350 फुटांचा. गिर्यारोहक त्यावर दोर लावून चढतात. इथे मी एक छोटं भाषण केलं. निजामशाहीच्या अखेरीस याच गडावर कैदेत असलेल्या मूर्तिजा नावाच्या पोराला शहाजीराजांनी सोडवून गादीवर बसवलं, असं सांगून मी म्हटलं, ''तो उतरला, तर आपल्याला काय?'' भाचा म्हणाला, ''मामा, त्याला न्यायला शहाजीराजे आले होते.''

उतार लागला आणि दहाव्या पावलाला मुरूम पायाखालून निघाला. मी उभ्याचा बसलो. बसलो म्हणजे थांबलो असं नाही. कडक गवतावरून, कुसळांसकट, मी बराच पल्ला बैठ्या अवस्थेत काटला. वाटेत कारवीचं एक खोड धरलं, ते माझ्याबरोबर आलं. मागून भाचा ओरडत होता, ''गुडघे वाकवा, वजन पुढे घ्या!'' कोलोरॅडोत ते बरोबर असेल. माझं वजन त्याच्या मर्जीने, त्याला हवं त्या बाजूला गेलेलं होतं. थांबलो ते एका धोंड्यामुळे. वर पाहिलं तर डेन्व्हरचा तो पट्टीचा खेळाडू चारही हातापायांवर, उलट्या तोंडाने, एकेक इंच उतरत होता. त्याच वाटेने एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन, पायात रबरी चपला घालून खाली आली. मी अंग चोरून वाट दिली. ''बसा, बसा,'' ती म्हणाली, ''घाई न्हाई.'' आणि आमच्या आधी घाटघरात पोचली.

माझी पॅन्ट मात्र वरच राहिली. निदान तिचा महत्त्वाचा भाग. भाच्याने अमेरिकेहून आणलेलं बर्फातलं जाकीट, जे डिसेंबरातल्या जुन्नरच्या उन्हात दिवसभर पाठीवर ओझं म्हणून हिंडत होतं, ते शेवटी माझ्या कमरेला बांधलं. जाकीट उत्तम आहे. वारा अजिबात आत येत नाही. नारायणगावात मिसळ मी उभ्याने खाल्ली. पुढे कित्येक दिवस वर्गात बसलो नाही, बाकांमधून फिरत शिकवलं, आणि मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत माझ्या उत्साहाचा दाखला दिला.

त्या दाखल्याचाच परिणाम. भाचा जानेवारीत परत गेला तरी शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला पुढारी करून आहुप्याला नेलं. डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने रस्ता जातो. जुनं आंबेगाव याच पाण्याखाली आहे. हिरड्याची झाडं, भैरवनाथाची देवराई, आणि मग एकदम कडा. समोर गोरखगड, खाली कोकण. आहुपे घाटाने खोपिवलीत उतरून चहा पिऊन परत चढायचं, असा बेत मी आखला. उतरलो. चहा प्यायलो. वर पाहिलं आणि एकही जण उठेना. गाडी वर आहुप्यात. भाचा सांगायचा की ते लोक अशा वेळी दुसरी गाडी आधीच खाली लावून ठेवतात. मला तेव्हा तो पैशाचा माज वाटला होता. मग खोपिवलीहून मुरबाड, मुरबाडहून माळशेज, तिथून जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, डिंभे आणि पुन्हा आहुपे, असा दोन जिल्ह्यांचा प्रवास झाला. गणिताच्या सरांनी अंतर काढलं होतं. मी त्यांना ते सांगू दिलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा. घाटघरात वाटाड्या घ्या आणि पैसे आधी ठरवा. पॅन्ट जाड घाला. आणि आहुप्याहून खाली उतरायचं मनात आलं, तर वर परत नेणारा माणूस तुमच्यात आहे का, ते निघण्यापूर्वी बघा. मला बोलवू नका.